अकरा चाळीसची नोंद

आमच्या क्लबच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर त्या ओळीवरून एकच सरळ रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला दुरुस्ती लिहून सही करायची. हवेत बोललेला शब्द राहत नाही, म्हणून तो कागदावर तरी नीट राहावा, असं क्लब चालवणारे आमचे सर पहिल्याच तासाला सांगायचे. चौदा वर्षं मी ती वही लिहिली. तेवढ्या काळात रेघा सहा-सातच मारल्या असतील. त्यातली शेवटची मारायला मला चार वर्षं लागली.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे रत्नागिरीत अजूनही समजावून सांगावं लागतं. लोकांना वाटतं आम्ही गाणी लावतो. आमच्याकडे सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना असतो, प्रत्येकाचं अक्षरं-आकड्यांचं एक कॉलसाइन असतं आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही एकमेकांशी बोलतो. बोलण्याआधी कॉलसाइन, संपवतानाही कॉलसाइन. शहराबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, आमचा रिपीटर आहे. हातातल्या लहान सेटचा दुबळा आवाज तो पकडतो आणि जोरानं पुढे टाकतो. त्याच्यामुळे जयगडपासून इकडे पावसपर्यंतचे सभासद रोज सकाळी साडेसातला हजेरी देतात. कोणाला काय ऐकू येतं, कोणाकडे वारा कसा आहे, एवढंच बोलणं. बाहेरच्याला ते कंटाळवाणं वाटेल. मला ते फार आवडायचं.

मी क्लबात आलो तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. गावातल्या शाळेत विजेचा दिवा मास्तरांनी फळ्यावर काढून शिकवला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वायर सोलतानाही घाबरायचो. सर निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मला एकदा प्रयोगशाळा बंद झाल्यावर झाडताना पाहिलं आणि रविवारी या म्हणाले. मी गेलो. तिथे बागायतदार होते, दोन डॉक्टर होते, बँकेतले एक साहेब होते. सगळे आरामात खुर्चीत बसलेले. मी उभाच होतो. सर म्हणाले, “बसा. इथे कॉलसाइन मिळेपर्यंत सगळे सारखेच अडाणी.”

परीक्षेचं इंग्रजी पुस्तक सरांनी माझ्यासोबत ओळ न् ओळ वाचलं. माइकसमोर माझी जीभ अडखळायची, तेव्हा ते मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे. मी परवाना मिळवला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो कागद दोन्ही हातांत धरला. “सरकारनं तुला येगळं नाव दिलंन?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तो कागद देवापुढे ठेवला. पुढे कॉलेजात मला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली, तीही सरांच्या शब्दावर. त्यांनी स्वतःचा जुना हँडसेट मला दिला तेव्हा एकच अट घातली. उपकरण परवानाधारकाच्या हाताबाहेर जाता कामा नये. मी मान डोलावली. सरांना नाही म्हणायची वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती.

क्लबचं काम मी मनापासून केलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. विसर्जनाच्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावर हँडसेट घेऊन आम्ही उभे असायचो. हरवलेलं मूल, चक्कर आलेली म्हातारी, वाळूत रुतलेली गाडी, सगळं आमच्याकडून पुढे जायचं. शाळाशाळांत आम्ही प्रात्यक्षिकं केली. दापोलीच्या विद्यार्थ्यांना बागेत लपवलेला ट्रान्समीटर शोधायला लावला, तर ती मुलं आंब्याच्या झाडावर चढून बसली. हळूहळू नियंत्रण केंद्राचं काम माझ्याकडे आलं. कोण बोलणार, कोण थांबणार, हे मी ठरवायचो. बागायतदार आणि डॉक्टर माझ्या परवानगीसाठी थांबायचे. त्याचं मला सुख होतं. नाही म्हटलं तर खोटं होईल.

तो जुना हँडसेट मी घरी ठेवला, ही माझी पहिली चूक.

आमची वाडी आत डोंगरात. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त शाळेच्या मागच्या कातळावर. दादा मुंबईत कामाला, मी रत्नागिरीत खोली करून. घरी आबा आणि वहिनी. नवा सेट घेतल्यावर मी जुना घरी नेला आणि माझा आवाज ऐकता येईल म्हणून त्यांना दिला. खुंटीला अडकवून ठेवायचा, सकाळी साडेसातला चालू करायचा, बटण दाबायचं नाही. वहिनींना ते फार आवडलं. चुलीवर भाकरी टाकता टाकता त्या सगळी हजेरी ऐकायच्या. महिन्याभरात त्यांना सगळे सभासद आवाजावरून ओळखू यायला लागले. शनिवारी मी घरी गेलो की त्या नकला करून दाखवायच्या.

“ते डॉक्टर आहेत ना तुमचे, ते बोलायच्या आधी खाकरतात आणि मग माफी मागतात. रोज. आणि भावोजी, तुम्ही रेडिओवर असं का बोलता? कुणीतरी गळा धरल्यासारखं?”

आबा हसायचे. “साहेबासारखा बोलतोय तो.”

एकदा वहिनींनी विचारलं, “बटण कधीच दाबायचं नाही? आणि कुणी मरायला टेकलं तर?”

“तर दाबा,” मी म्हटलं. “मी आहेच तिकडं.”

हे मी सहज म्हटलं नव्हतं. आमच्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे. जिवावर बेतलं असेल तर कोणीही, परवाना असो नसो, कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर मदत मागू शकतो, आणि ऐकणाऱ्यानं आपलं बोलणं थांबवून त्याला उत्तर द्यायचं असतं. रविवारच्या वर्गात नव्या मुलांना हा नियम मीच फळ्यावर लिहून शिकवायचो.

वादळ आलं ते सकाळचं. आदल्या दिवशी आम्ही तयारीत होतो. क्लबची खोली एका शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या होत्या, रिपीटरला जादा बॅटरी जोडली होती. नऊच्या सुमारास वीज गेली, दहापर्यंत मोबाइल बंद. मग सगळं आमच्यावर आलं. खोलीत तालुक्याचे दोन अधिकारी याद्या घेऊन बसले. डॉक्टर, बागायतदार, सर. मी टेबलाशी, कानाला हेडफोन. खोलीत इतकं बोलणं चाललेलं की स्पीकर बारीक करून ठेवावा लागला. एक जीप आमच्या बाजूच्या बाजारगावात थांबली होती. तिच्यात आरोग्य केंद्रातले दोघे, झाडं कापायची यंत्राची करवत आणि आमचा एक सभासद. साडेअकराला त्यानं कळवलं, “रस्ता मोकळा केला. आता रिकामे आहोत, पुढचं काम सांगा.” मी थांबा म्हटलं. त्या गावापासून आमची वाडी पाच-सहा किलोमीटर.

अकरा चाळीसला वहिनींचा आवाज आला.

“भावोजी, भावोजी, आयकताय का? फणस पडला छपरावर. आबांच्या पायावर वासा आलाय, हलत नाय. कुणाला तरी धाडा.”

सिग्नल तुटत होता. स्पीकरमधून खोलीत फक्त ‘भावोजी, भावोजी’ एवढं स्वच्छ गेलं, बाकी खरखर. डॉक्टर हसले. “कुणाची वहिनी आली बाबा?” दुसरं कोणीतरी म्हणालं, “बघा, बघा, कोण लाजतंय.” सगळा ताण होता सकाळपासून, म्हणून असेल, खोलीभर हसू पसरलं. बोटींवरचे बिनापरवान्याचे सेट अधूनमधून आमच्यात घुसायचे, त्यातलाच प्रकार म्हणून सगळ्यांनी घेतला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “कोण आहे?”

मला हेडफोनमधून सगळं ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. पण त्या क्षणी मला दिसला तो सरांचा जुना हँडसेट, आमच्या घरातल्या खुंटीवरचा. ती माझी वहिनी आहे म्हणालो तर पुढचा प्रश्न तोच होता. अधिकारी बसले होते. परवाना, सरांची अट, ती नियंत्रकाची खुर्ची.

“अनोळखी आहे सर,” मी म्हणालो. “परवाना नसलेलं कोणीतरी.”

“मग फ्रिक्वेन्सी मोकळी करून घे.”

मी माइक उचलला. वहिनी ज्याची नक्कल करायच्या त्याच आवाजात मी म्हणालो, “अनोळखी स्टेशन, आपलं कॉलसाइन द्या.”

“भावोजी, मी आहे.”

“कॉलसाइन नसलेल्या स्टेशननं कृपया फ्रिक्वेन्सी मोकळी करावी.”

एक बारीक टक् असा आवाज आला. बटण सुटल्याचा. त्यानंतर त्या परत बोलल्या नाहीत.

मी वहीत लिहिलं: ११.४०, अनोळखी स्टेशन, महिला, विनापरवाना, समज दिली.

मी मनाशी ठरवलं होतं की दोन मिनिटांत काहीतरी निमित्त काढून जीप आमच्या वाडीकडे वळवायची. झाड पडल्याचं ऐकलंय म्हणायचं, कोणी विचारणार नाही. मग कामाचा लोंढा आला, खाडीकाठची माणसं हलवायची होती, जीप तिकडे गेली. ती दोन मिनिटं मला मिळालीच नाहीत, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. वही तसं सांगत नाही. अकरा चाळीसनंतरची नोंद अकरा बावन्नची आहे. मधे बारा मिनिटं फ्रिक्वेन्सी मोकळी होती. कोणीतरी चहा आणला होता. तो मी प्यायलो.

संध्याकाळी साडेपाचला आरोग्य केंद्रावरच्या सभासदानं जखमींची यादी सांगायला सुरुवात केली. आमच्यात यादी घेताना प्रत्येक नाव परत म्हणून दाखवायचं असतं. सातवं नाव आबांचं आलं. मी ते परत म्हणून दाखवलं, वय म्हटलं, ‘उजवा पाय, चिरडलेला’ म्हटलं, आणि लिहिलं. समोरचा म्हणाला, “बरोबर.” तेव्हा सरांनी आडनाव ओळखलं आणि माझ्या हातातून माइक घेतला.

वाडीतल्या बायाबापड्यांनीच पहारी लावून वासा उचलला होता. बाप्ये फारसे नव्हतेच, सगळे मुंबईला. तीन तास गेले. मग दरवाजाच्या फळीवर घालून त्यांना सडकेपर्यंत आणलं. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तिथले डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ते बाहेरचे डॉक्टर होते, त्यांना माहीत नव्हतं ते कोणाला सांगताहेत.

त्यानंतर क्लबचा सत्कार झाला. मला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळालं. वडील जखमी असतानाही खुर्ची न सोडल्याबद्दल माझं विशेष कौतुक झालं. भाषणात कोणीतरी म्हणालं की असा मुलगा प्रत्येक घरात असावा. मी खाली बघत होतो. तो माझा विनय समजला गेला.

प्रमाणपत्र मी ट्रंकेत टाकणार होतो. आबांनी मागून घेतलं, तालुक्याला पाठवून चौकट करून आणवली आणि पडवीत, आल्यागेल्याला दिसेल अशी लावायला सांगितली. वहिनींनी खिळा ठोकला. मी हातोडी मागितली तर दिली नाही.

हँडसेट वहिनींनी मला पंच्यात बांधून परत केला. तेव्हापासून त्यांनी मला भावोजी म्हटलेलं नाही. जेवायला वाढतात, माझे कपडे उन्हात घालतात, पण मला हाक मारत नाहीत. दादाला, वाडीतल्या कोणालाही त्या काही बोलल्या नव्हत्या, हे मला हळूहळू कळलं. त्यांनी बोंब मारली असती तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. ती अपेक्षाही माझ्याच सोयीची होती.

क्लबात मात्र तो प्रसंग विनोद होऊन राहिला. खरखर आली की कोणीतरी हमखास म्हणायचं, “भावोजी, भावोजी.” डॉक्टर तर बायकी आवाज काढून म्हणायचे. मीही हसायचो. चार वर्षं हसलो. कोणी वाईट नव्हतं त्यात. माझ्या आजारपणात हेच डॉक्टर रात्रंदिवस येत होते. त्यांना जे मी सांगितलं होतं, त्यावर ते हसत होते.

गेल्या वर्षी क्लबनं शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन मांडलं. जुने सेट, कॉलसाइनची कार्डं, आणि काचेखाली वादळाच्या दिवसाची नोंदवही. पान नेमकं तेच उघडं ठेवलेलं. सर आता थकलेत, काठी घेऊन उभे होते आणि मुलांना सांगत होते, “बघा, एवढ्या धांदलीतही विनापरवाना स्टेशनची नोंद आहे. वेळेसकट. समज दिली, असं लिहिलंय. याला शिस्त म्हणतात. आणि ही शिस्त पाळणारा हा माणूस खेड्यातून आलाय.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

प्रदर्शन आवरताना मी काच बाजूला केली. अकरा चाळीसच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं: स्टेशन ओळखीचे. नियंत्रकाची वहिनी. जिवाचा प्रश्न होता, मदत मागितली, नियंत्रकाने नाकारली. खाली सही केली, तारीख घातली. सर तिथेच खुर्चीवर होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“हँडसेट घरी होता?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“मी दिलेला?”

“हो.”

“परवानाधारक नसलेल्या माणसाच्या हातात?”

“सर, आबांचा पाय...”

“ते कळलं मला. मी हँडसेटचं विचारतोय.”

मला वाटतं, त्यांना त्या क्षणी दुसरं काही विचारता आलं नाही. हँडसेटचा प्रश्न त्यांना येत होता, तो ते विचारत राहिले. मग म्हणाले, “मी तुला विचारलं होतं, कोण आहे म्हणून. तू अनोळखी म्हणालास.” एवढं खरं होतं.

पुढच्या बैठकीत ठरलं की नियंत्रकाचं काम आता तरुण सभासदांना द्यावं. माझे आभार मानले गेले. वही कपाटात गेली. परवान्याबद्दल कोणी वर कळवलं नाही, क्लबचं नाव खराब होईल म्हणून. डॉक्टर जाताना जिन्यात थांबले, माझा हात धरला, काहीतरी बोलायला गेले आणि खाकरून निघून गेले. सरांकडे मी दोनदा गेलो. ते झोपलेत असं सांगण्यात आलं. ज्या माणसानं मला खुर्चीत बसायला शिकवलं त्याच्या दारातून मी परत आलो, आणि त्याचा राग करायचा हक्कही मला नव्हता.

मग मी घरी गेलो. आबांना सांगायचंच राहिलं होतं.

ते पडवीत बसले होते, मांडीच्या थोटकाखाली उशी, हातात अडकित्ता. माथ्यावर ते प्रमाणपत्र. मी समोर बसलो आणि क्लबात काय लिहिलं ते सगळं सांगितलं. मी आवाज ओळखला होता, हेही. बारा मिनिटांचंही. वहिनी आत चुलीपाशी होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

आबांनी सुपारी कातरली. अर्धं खांड तोंडात टाकलं.

“आयकलं व्हतं मी,” ते म्हणाले.

मला कळलं नाही.

“तो डबा माज्या उशाशीच व्हता ना. ती बोलली, तू बोललास. सगळं आयकलं. ती परत बटण दाबणार व्हती. मीच म्हटलं, ठेव तो. पोर कामात हाय, चार साहेब बसलं असतील.”

चार वर्षं मी विचार करत होतो की हे ऐकून ते काय म्हणतील. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी विचारलं, “मग हे लावलंत कशाला?” आणि वर बोट केलं.

त्यांनी वर पाहिलं नाही.

“पाय गेला तो कशापायी गेला, ते लोकांना दाखवाया काय तरी नको?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पाया पडलो असतो. त्यांनी पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं, पाहुण्याकडे सरकवतात तसं. मी सुपारी घेतली नाही.

आतून वहिनींचा आवाज आला.

“आबा, चहा झालाय म्हणावं त्यांना.”